शेत भरलं

आमच्या फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर दर वर्षी नवरात्र संपलं की एक विषय ठरलेला असतो: ऑटम. मराठीत 'शरद' लिहिलं तर निम्म्या लोकांना तो कुणा शेजाऱ्याचा वाढदिवस वाटेल, म्हणून इंग्रजीतच. मग धडाधड फोटो येतात. काश्मीरचे चिनार, कुणाच्या लेकीने परदेशातून पाठवलेली लालभडक झाडं, पानांच्या ढिगात लोळणारा कुणाचा तरी नातू. मागे एकदा मी काढलेला फोटो टाकला. पिकायला आलेलं भात, मागे ताडांची रांग, वर स्वच्छ धुतलेलं आभाळ. त्याखाली एका गृहस्थांनी विचारलं, "सुंदर! पण यात ऑटम कुठे आहे? पानगळ दिसत नाही."

राग माझ्या नाकावर असतो, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. मी लिहिलं, पानगळ शिशिरात होते, शरदात नाही, आणि शाळेत सहा ऋतू पाठ केले होते ते काय फक्त मार्कांसाठी? त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली. हात जोडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, त्यामुळे मला जास्तच राग आला.

मी नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला राहते. माहेर कोकणातलं, नोकरी मुंबईत, फ्लॅट इथे. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर हीच कहाणी आहे. चाळिशी उलटल्यावर मी कॅमेरा घेतला, तोही कुणीतरी वापरून कंटाळलेला. घरच्यांना वाटलं, आता बारशा-मुंजीला फोटोग्राफर बोलवायला नको. पण माणसांचे फोटो मला जमत नाहीत. हसा म्हटलं की ती दात दाखवतात आणि हसू नका म्हटलं की रुसतात. म्हणून मी रविवारी सकाळी स्कूटर काढून गासच्या बाजूला जायला लागले. तिकडे इमारती संपायच्या आणि रस्ता शेतांमधून भुईगावच्या दिशेने जायचा.

आमच्याकडचा शरद बघायला कुणी येत नाही. लोक पावसात धबधब्याखाली उभे राहतात आणि डिसेंबरात अर्नाळ्याच्या समुद्रावर जातात. मधल्या दिवसांना सगळे मिळून 'ऑक्टोबर हीट' म्हणतात आणि पंखा एकने वाढवतात. पण त्याच दिवसांत भातखाचरातलं गढूळ पाणी निवळतं. बांधावरच्या गवतात कोळ्यांची जाळी दवाने भिजून दिसायला लागतात. ऊन सकाळी तिरपं येतं आणि भात हिरव्यातून पिवळ्यात जाताना चार-सहा दिवस मधल्याच एका रंगाचं होतं. त्या रंगाला मला आजवर नाव सापडलेलं नाही. माझी सगळी फोटोग्राफी त्या चार-सहा दिवसांसाठी आहे, बाकी वर्षभर मी नुसती लेन्स पुसते.

पहिल्या वर्षी मी ज्या बांधावर उभी राहिले, तो एका म्हाताऱ्या बाईंचा होता. त्या खाचरात वाकलेल्या होत्या, मला दिसल्याच नाहीत. एकदम ताठ झाल्या आणि ओरडल्या, "ओ फोटोवाली! बांद फुटंल तुज्या बुटानं! पानी काय तुजा बाप अडवनार?" गावातली जुनी घरं आपसात आपली बोली बोलतात. ती आम्हा बाहेरच्यांना धड कळत नाही, म्हणून माझ्याशी त्या कायम आमच्यासारखं मराठी बोलल्या. 'ण', 'ध', 'ढ' मात्र त्यांच्या जिभेवर चढले नाहीत. शिव्याही मला नीट कळाव्यात अशा भाषेत दिल्या, हे त्यांचे उपकार. मी बूट काढून उभी राहिले, तेव्हा कुठे त्या शांत झाल्या.

त्यांना मी मावशी म्हणू लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन विरारला. खाचर एकच, आणि तेही सातबाऱ्यावर त्यांच्या आणि धाकट्या दिराच्या नावावर एकत्र. वाटणी कधी झालीच नव्हती. दिराला ते विकायचं होतं. मावशींना एवढंच हवं होतं की आपण आहोत तोवर त्यात भात लागावं. त्यासाठी त्या घरातल्या प्रत्येक माणसाशी भांडल्या होत्या, आणि भांडण्यात त्या माझ्याही वरच्या निघाल्या.

भात त्या रंगाचं नेमकं कधी होईल, हे पावसावर असतं. मी दोन वर्षं चुकले. एकदा लवकर गेले, तर सगळं हिरवंगार. एकदा उशिरा गेले, तर नुसती धसकटं आणि रचलेले भारे. मावशी खूप हसल्या. मग माझा नंबर मागून घेतला आणि तेव्हापासून आश्विनात एका सकाळी त्यांचा फोन यायला लागला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "शेत भरलं, ये." बस्स, फोन बंद.

शेत भरलं म्हणजे दाणा भरला. आधी लोंबीत नुसतं दूध असतं, मग दाणा घट्ट होतो, लोंबी जड होऊन वाकते. हे दोन शब्द कानावर आले की मी ऑफिसात कळवायचे, पोट बिघडलंय. दर आश्विनात माझं पोट बिघडतं, यावर ऑफिसात विनोद व्हायचे. मी जायचे, अनवाणी बांधावर उभी राहायचे, आणि मावशी म्हणायच्या, "माज्या भाताचे एवडे फोटो काडतेस, त्यात मी कुटं हाय?" मी सांगायचे, मी माणसांचे काढत नाही. "मंग भात काय आपोआप लागतंय?" फोटोत मात्र त्या आल्या नाहीत त्या नाहीतच.

इकडे दुसरंही एक भरणं चालू होतं. रस्त्याकडची शेतं विकली गेली आणि तिथे डंपर यायला लागले. जुन्या इमारतींचं पाडकाम, फुटक्या विटा, लाद्या, प्लास्टर. आमच्याकडे या सगळ्याला रॅबिट म्हणतात. रॅबिट टाकलं, रोलर फिरवला, की शेताची 'जागा' होते. "जागा भरून घेतली" असं लोक अगदी दात भरून घेतल्याच्या सुरात सांगतात. त्या भरावाने ओढ्याची वाट अडली आणि पावसाळ्यात मावशींच्या खाचरात पाणी तुंबू लागलं. एका वर्षी अर्धं भात कुजलं. दीर म्हणाला, बघ वहिनी, आता तरी ऐक. मावशींनी पुढच्या वर्षी पुन्हा लावणी केली.

मी दर वर्षी कॅमेरा थोडा डावीकडे वळवत गेले. आधी भराव कोपऱ्यात आला, तो मी फ्रेमबाहेर टाकला. मग विजेचा खांब आला, मग पत्र्याचं कुंपण. ताडांची रांगही पाचावरून दोनावर आली. फोटो मात्र दर वर्षी सुंदरच यायचा, आणि ग्रुपवरचे लोक विचारायचे, "हे खरंच वसई-विरार आहे?" मला तेव्हा ते कौतुक वाटायचं. आता आठवलं की डोकं फिरतं.

मागच्या आश्विनात फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायच्या तयारीत होते. "शेत भरलं," मावशी म्हणाल्या, "ये लवकर." 'लवकर' हा शब्द नवा होता. परतीच्या पावसाचा इशारा होता, मला वाटलं त्याची घाई असेल. दुसरी बॅटरी चार्जिंगला तशीच ठेवून मी निघाले. वाटेत ऊन कसं मिळेल, ढग आहेत का, एवढंच डोक्यात.

पोचले तर शेत भरलेलं होतं. रस्त्याकडून अर्ध्या खाचरापर्यंत रॅबिट पडलं होतं, उभ्या पिकावर. ढिगाच्या कडेने दबलेल्या लोंब्या बाहेर आल्या होत्या, पिकलेल्या, अगदी त्याच रंगाच्या. वर विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एक मोडका कमोड आणि कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या निळ्या लाद्या. उरलेल्या अर्ध्यात मावशी, त्यांची मुलगी आणि शेजारच्या दोघी जणी वाकून सपासप भात कापत होत्या.

मला काय झालं कुणास ठाऊक, मी मावशींवरच ओरडले. "तुम्ही फोनवर भरलं म्हणालात!"

त्यांनी मान वर केली. "मंग? भरलं नाय? खोटं काय सांगितलं मी?"

"रॅबिट टाकलं असं सांगायचं ना सरळ!"

"तसं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आले असते!"

"आलीस ना? मंग झालं. भांडत नको बसू. डंपर गेलाय, परत येईल. उरलेलं कापून हुईस्तोवर त्याला थांबव."

मी कशी थांबवणार? मावशींनी विळ्याने माझ्या गळ्यातला कॅमेरा दाखवला. "त्यो लाव त्यांच्या तोंडावर. ते कोनाला भीत नाय, फोटोला भितात."

म्हणून मी रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. शरदाचे फोटो काढायला आलेली बाई, पायात चांगल्या सँडल, खांद्याला ऑफिसचा डबा. थोड्या वेळाने डंपर आला. उलटा वळून मागे येऊ लागला, तसा मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि नंबरप्लेटचा फोटो काढला. मग ड्रायव्हरचा. त्याने तोंडाला रुमाल बांधला आणि गाडी थांबवली. त्याच्या मागे बाइकवरून एक जण आला, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं गोडगोड.

"मॅडम, कसले फोटो काढताय? प्रेसवाले का?"

"नाही."

"मग?"

"शरद ऋतूचे," मी म्हणाले.

तो गोंधळला. त्याला वाटलं शरद ऋतू नावाचं काहीतरी ऑफिस असावं. जरा अदबीने म्हणाला, "बघा मॅडम, पार्टीची परमिशन आहे, जागामालकाची सही आहे, खाली-पिली टेन्शन नका घेऊ. फोटो डिलीट करून टाका."

मी म्हटलं, तुमच्याकडे परमिशन असेल तर फोटो छानच येतील, जरा केस सारखे करा. आणि त्याचाही फोटो काढला. तो फोन लावत बाजूला गेला. डंपर तसाच घुरघुरत उभा.

मग मावशींचे दीर आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चांगल्या घरातला माणूस. हळू आवाजात म्हणाले, "ताई, हा आमच्या घरातला मामला आहे. तुम्ही बाहेरच्या." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणाले, "घरातला आहे ना? मग घरातल्या बाईला सांगून टाकायचं होतंत. उभं पीक होतं. दाणा भरला होता. चार दिवस थांबला असतात तर काय बिघडत होतं?"

ते म्हणाले, "वहिनी दर वर्षी तेच म्हणते. आधी लावणी होऊ दे, मग कापणी होऊ दे. कुठवर थांबायचं?"

या माणसाने आयुष्यभर याच खाचराचा भात खाल्ला होता. मी त्यांच्यावर कॅमेरा रोखला. ते मागे सरकले आणि बाइकवाल्याजवळ जाऊन उभे राहिले.

त्यानंतर मी फक्त काढत राहिले. रॅबिटचे, डंपरचे, लाद्यांचे. इतक्या वर्षांत जे जे मी फ्रेमबाहेर टाकलं होतं, ते सगळं त्या सकाळी फ्रेममध्ये आलं. डंपर जरा पुढे सरकला की मी खटकन आवाज करायचे आणि तो थांबायचा. ऊन चढत होतं. मागून विळ्यांचा आवाज येत होता आणि भारे बांधाच्या पलीकडे नेले जात होते, तेवढं ऐकून मला कळत होतं किती उरलंय.

आणि बॅटरी संपली.

कॅमेरा एकदम मुका झाला. बटण दाबलं तर काही नाही. समोर बाइकवाला, दीर, डंपर. मागे अजून बरंच भात उभं. जुन्या कॅमेऱ्याचं एक बरं असतं, त्यात जीव नसला तरी डोळा लावला की समोरचं दिसतं. मी डोळा हलवला नाही. मेलेला कॅमेरा त्यांच्यावर रोखून तशीच उभी राहिले, मधूनमधून लेन्स फिरवली, बोट दाबलं, आणि तोंडातल्या तोंडात मला येतील तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. ऑफिसातून फोन येत होते, ते वाजू दिले. पोट बिघडलंय हेसुद्धा कळवलं नाही.

एकदा न राहवून मी मागे वळले. मावशी धसकटांमध्ये उभ्या होत्या, डोक्यावर भारा, एका हाताने तो धरलेला, लुगड्याचा काष्टा चिखलाने माखलेला. मागे ते दोन ताड आणि धुतलेलं आभाळ. ऊन अजून कडेने येत होतं. मी कॅमेरा त्यांच्यावर धरला. त्यांनी पाहिलं आणि क्षणभर ताठ उभ्या राहिल्या, फोटोसाठी राहतात तशा. मी बटण दाबलं. काही झालं नाही. मी त्यांना सांगितलं नाही.

शेवटचा भारा गेला तेव्हा मी वाटेतून बाजूला झाले. डंपर माझ्या शेजारून गेला आणि रिकाम्या धसकटांवर रॅबिट ओतून आला. धुळीने माझे केस पांढरे झाले. बाइकवाला जाता जाता म्हणाला, "झालं मॅडम तुमचं शूटिंग?"

दिवाळीच्या आधी मावशींची मुलगी आमच्या इमारतीत येऊन पोह्यांची पिशवी देऊन गेली. नव्या भाताचे पोहे, दर वर्षी यायचे तसे. म्हणाली, आईने निरोप दिलाय, निवडून घे, यंदा खडे आहेत. मी ताट घेऊन बसले. खडे होतेच: विटेचा भुगा, सिमेंटचे कण. त्यात पोह्याएवढा एक निळा तुकडा होता, गुळगुळीत, न्हाणीघरातल्या लादीचा. आमच्या इमारतीत दर वर्षी कुणी ना कुणी न्हाणीघर फोडून नवं करतं. पोती भरून टेम्पो जातो आणि ती कुठे जातात, असं आजवर सोसायटीच्या एकाही बैठकीत कुणी विचारलेलं नाही. लिफ्टच्या पंख्याचा विषय मात्र तीन बैठका चालतो.

त्याच दिवशी ग्रुपवर विषय आला होता: ऑटम. मी ग्रुप सोडला आणि मावशींना फोन लावला. पोहे मिळाले म्हणून सांगितलं.

"निवडलेस ना नीट? दात पडंल." त्या म्हणाल्या. मग लगेच, "आता पुडल्या आश्विनात फोन नाय येनार हां बाय. भरायचं काय उरलं नाय."

"फोन करायचा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "काहीही झालं तरी करायचा."

"करून सांगू काय?"

"काही सांगू नका. शिव्या द्या. मी ऐकेन."

पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला. "पुडल्या वर्षापातूर कशाला थांबायचं? आत्ताच ऐक," त्या म्हणाल्या, आणि सुरू झाल्या. पण माझ्या मराठीत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होत्या, जी त्या दिराशी भांडताना बोलायच्या, लेकीशी बोलायच्या. मला निम्मंही कळत नव्हतं. मधेच 'पानी' कळलं, 'बांद' कळलं, आणि एकदा अगदी स्पष्ट 'फ्लॅटवाले' कळलं. मी फोन कानाला लावून उभी राहिले. एकही शिवी मधे तोडली नाही.